इथिओपियात माणसाची ओळख कशावरून ठरते?

प्रश्न : निवृत्त_शिक्षिका (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत 31 वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. आमच्या वरच्या मजल्यावरील खोलीत गेल्या जूनपासून इथिओपियातील एक विद्यार्थी भाड्याने राहतो. तो येथील विद्यापीठात पीएच.डी. करतो आहे. त्याच्या सहवासात मला जे प्रश्न पडले त्यांची उत्तरे माझ्याजवळच्या पुस्तकांत सापडली नाहीत आणि त्यालाच पुन्हा विचारण्याचा धीर होत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

पहिला प्रसंग भाडेकराराच्या वेळचा. अर्जात आडनावाचा रकाना होता आणि त्याने सांगितले की त्याला आडनाव नाही. पहिले नाव त्याचे, दुसरे वडिलांचे, तिसरे आजोबांचे. अर्ज भरणाऱ्याने आजोबांचे नाव आडनावाच्या रकान्यात लिहून काम पुरे केले. नंतर चहा घेताना मी त्याला विचारले, "आडनाव नाही, मग माणूस कुठल्या समाजाचा हे तुमच्याकडे कळते कसे? तुमचा समाज कोणता?" एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही आपल्याला हा प्रश्न विचारतो, म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. तो मात्र बराच वेळ गप्प राहिला. शेवटी म्हणाला की वडील ओरोमो आहेत, आई अम्हारा आहे, वडिलांचे घर मुसलमान आणि आईचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहे, आणि तो स्वतः अदिस अबाबाचा आहे. एवढे सांगून तो कप खाली ठेवून उठला. आपण कुठेतरी चुकलो, हे माझ्या लक्षात आले. काय चुकले ते कळले नाही.

दुसरा प्रसंग ऑगस्टमधला. माझ्या थोरल्या जाऊबाई गावी वारल्या. आम्ही मातीहून रात्री परतलो, तेव्हा हा मुलगा खांद्यावर पांढरी सुती चादर घेऊन जिन्याच्या पायरीवर आमची वाट पाहत बसलेला होता. तो आत आला, भिंतीशी बसला आणि दोन तास एक शब्दही न बोलता बसून राहिला. पुढचे दोन दिवसही संध्याकाळी तो तसाच येऊन बसला. आमच्या सोसायटीतील किती माणसे आली ते मी लिहीत नाही. मी त्याला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "आमच्याकडे शेजारी असेच बसतात."

हे "आमच्याकडे" म्हणजे नेमके कुठे, हा माझा प्रश्न आहे. ज्या देशात 80 हून अधिक भाषक समूह आहेत आणि जिथे अलीकडेच एवढे मोठे अंतर्गत युद्ध झाले, तिथे ही रीत कोणाची मानायची? त्याच्या वडिलांच्या वंशाची, आईच्या धर्माची, की ज्या गल्लीत तो वाढला त्या गल्लीची? संस्कृतीतून मूल्ये येतात असे आम्ही वर्गात शिकवत आलो, पण इतक्या संस्कृती एकाच घरात नांदत असतील तर मुलगा कोणती मूल्ये घेऊन वाढतो? ज्यांनी तो देश जवळून पाहिला आहे किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : परभणीकर

बाई, नमस्कार. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलो आणि 2009 ते 2015 या काळात दक्षिण इथिओपियातील हवासा शहरात मृदाशास्त्र शिकवत होतो. सम्राट हैले सेलासी यांच्या काळापासून तेथील शाळांत भारतीय शिक्षक जात आले आहेत, त्यामुळे साठीपुढचा माणूस भेटला की तो आपल्या भारतीय गणिताच्या शिक्षकाची आठवण हमखास काढत असे आणि माझे निम्मे परकेपण तिथेच गळून पडत असे.

तुमच्या जिन्यावर तो मुलगा का बसला होता, हे मी खात्रीने सांगू शकतो. तेथे एदिर नावाची संस्था आहे. एका वस्तीतील कुटुंबे दरमहा ठरावीक वर्गणी भरतात. एदिरच्या मालकीचा तंबू असतो, बाकडी आणि मोठी भांडी असतात. कोणाच्या घरी मयत झाली की पहाटे शिंग फुंकून वस्तीला खबर दिली जाते, अंगणात तंबू उभा राहतो, स्वयंपाक शेजारणी करतात आणि निदान तीन दिवस त्या घराला एकटे सोडत नाहीत. वर्गणी भरली म्हणजे संपले असे मात्र नाही. प्रत्यक्ष येऊन बसावे लागते, हजेरी नोंदवली जाते, आणि कारणाशिवाय न येणाऱ्याला दंड होतो. आपल्याकडे हे काम भावकी करते, कडू घास सोयरे आणतात, आणि म्हणून ते रक्ताच्या नात्यापुरते राहते. शहरातील एदिर मात्र बहुधा वस्तीचा असतो. माझ्या गल्लीच्या एदिरमध्ये सिदामा, वोलायता, गुरागे, अम्हारा आणि ओरोमो अशी सगळी घरे होती. त्यात प्रोटेस्टंट होते, ऑर्थोडॉक्स होते आणि चार घरे मुसलमानांची होती.

माझे वडील परभणीला वारल्याचा फोन मला हवाशात रात्री अकराला आला. मी फक्त एका सहकाऱ्याला सांगितले. सकाळी सहाला दार उघडले तर अंगणात तंबू लागलेला होता. मी वर्गणीदार सभासद नव्हतो, देह चार हजार किलोमीटरहून अधिक दूर होता, आणि तरीही ती माणसे तीन दिवस माझ्याकडे बसली. त्यांपैकी कोणालाही माझ्या वडिलांचे नाव नीट उच्चारता येत नव्हते. बाई, त्या दिवसांपासून मी "आमच्याकडे" हा शब्द जपून वापरतो.

अशा आणखी संस्था आहेत आणि त्या तुम्हाला ओळखीच्या वाटतील. एकुब म्हणजे तंतोतंत आपली भिशी. सगळ्यांनी हप्ता भरायचा आणि पाळीपाळीने एकाने रक्कम उचलायची. शेतीत देबो म्हणजे आपले इर्जिक, ज्यात बोलावणारा जेवू घालतो, आणि वेन्फेल म्हणजे आपली सावड, ज्यात कामाची परतफेड कामानेच होते. मराठवाड्यात इर्जिक माझ्या आजोबांबरोबर संपले. तिकडे ते मी स्वतः पाहिले, आणि टेफ या तिकडच्या बारीक दाण्याच्या धान्याच्या कापणीला दोन दिवस त्यात उतरलोही.

एका घरात दोन धर्म कसे नांदतात, असे तुम्ही विचारले आहे. 2007 च्या जनगणनेनुसार त्या देशात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती सुमारे 43.5 टक्के, मुसलमान सुमारे 34 टक्के आणि प्रोटेस्टंट साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होते. तेथे ख्रिस्ती माणूस मुसलमानाने कापलेले मांस खात नाही आणि मुसलमान ख्रिस्ती माणसाने कापलेले खात नाही. दुकानेही वेगळी असतात. हे वाचताना दुरावा वाटतो, पण लग्नकार्यात यजमान दुसऱ्या धर्माच्या पाहुण्यांसाठी वेगळे जनावर, वेगळा कापणारा आणि वेगळी भांडी स्वतःहून ठेवतो, आणि तसे न ठेवणे हा त्याचा कमीपणा मानला जातो. ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवास तर इतके, की सामान्य भाविकालाही वर्षाचे सुमारे 180 दिवस मांस, दूध आणि अंडी वर्ज्य असतात. त्या दिवसांत शिरो शिजतो, जो डाळीच्या पिठाचा, तिखट आणि दाटसर असतो. मी पहिल्यांदा चाखला तेव्हा ताटात पिठलेच वाढले आहे असे वाटले. वरच्या मजल्यावरील मुलाचे आईवडील दोन धर्मांचे असतील, तर त्याने लहानपणापासून हेच पाहिले असणार की दुसऱ्याचे पथ्य सांभाळणे हा आपल्या घराच्या इभ्रतीचा भाग आहे.

शेवटी एक शब्द सांगतो. अम्हारिक भाषेत यिलुन्यता म्हणून एक भावना आहे. शब्दाची फोड केली तर "ते मला म्हणतील" असा अर्थ निघतो. आपण "लोक काय म्हणतील" असे म्हणतो तेव्हा त्यात भीती अधिक असते. तिकडे भीतीबरोबर दुसऱ्याचा संकोच ओळखणेही त्यात येते. पाहुणा भुकेला असूनही नको म्हणणार, यजमान ते ओळखून इंजेराचा, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या मऊ पोळीचा, घास स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात देणार; त्या घासाला गुर्शा म्हणतात. कॉफीचेही तसेच. एकाच पुडीवर तीनदा पाणी घालून अबोल, तोना आणि बेरेका अशा तीन फेऱ्या होतात आणि तिसरी घेतल्याशिवाय उठणे बरे दिसत नाही. तुमच्याकडून तो मुलगा चहा अर्धा टाकून उठला, यावरून तुमचा प्रश्न त्याला किती लागला असेल याची कल्पना येते. पण तो का लागला, हे सांगायला माझ्यापेक्षा दुसरे कोणी योग्य असेल.

उत्तर 2 : गोदाकाठ_नांदेड

परभणीकरांनी शेजाराची बाजू फार चांगली मांडली आहे. मी राज्याच्या बाजूने लिहितो, कारण बाईंच्या प्रश्नाचा काटा तिथे आहे असे मला वाटते.

बाई, तुम्ही वर्गात आपल्या संविधानाची उद्देशिका कितीदा तरी म्हणून घेतली असेल. ती "आम्ही भारताचे लोक" अशी सुरू होते. इथिओपियाच्या 1995 च्या संविधानाची सुरुवात "आम्ही इथिओपियातील राष्ट्रे, राष्ट्रीयत्वे आणि जनसमूह" अशी आहे. तेथे सार्वभौमत्वाचा धनी एकेकटा नागरिक नसून समूह आहे, आणि अनुच्छेद 39 प्रत्येक समूहाला थेट फुटून निघण्यापर्यंतचा स्वयंनिर्णयाचा हक्क देतो. प्रांतांची आखणी मुख्यतः भाषा आणि वंश यांवर झाली. हे वेडेपणाने झाले नाही. त्याआधीच्या राजवटीत देशाची भाषा म्हणजे अम्हारिक, असे समीकरण होते. ओरोमो हा देशातील सर्वांत मोठा समूह, 2007 च्या जनगणनेत सुमारे 34.5 टक्के; पण सम्राटाच्या काळात त्याच्या भाषेला ना शाळेत जागा होती, ना कचेरीत, ना न्यायालयात.

हे समजायला मराठवाड्याच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. माझे आजोबा नांदेडला उर्दूतून शिकले. घरात मराठी, बाजारात मराठी आणि तेलुगू, पण 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. आजोबांचे उर्दूवर प्रेम होते आणि अखेरपर्यंत ते हिशेब उर्दूत लिहीत. तरीही आपल्या भाषेत अर्ज लिहिता येत नाही याचा सल त्यांच्या मनात होता. 17 सप्टेंबर 1948 नंतर आपला तो प्रश्न सुटत गेला. ओरोमो मुलाचा तो प्रश्न सुटायला 1991 उजाडावे लागले. त्या वर्षी त्यांनी आपल्या भाषेसाठी कुबे ही रोमन अक्षरांवर आधारलेली लिपी स्वीकारली आणि मुले घरच्या भाषेत शिकू लागली. लिपी निवडतानाच त्यांनी अम्हारिकच्या लिपीपासून आपण वेगळे आहोत हे जगाला सांगितले. 2020 साली सरकारने अम्हारिकच्या जोडीला अफान ओरोमो, तिग्रिन्या, सोमाली आणि अफार या भाषांना केंद्राच्या कामकाजाच्या भाषा करण्याचा निर्णय जाहीर केला.

तेव्हा वंशाची ओळख ही तेथे आधी हक्काची गोष्ट झाली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची अंतिम रेषा ओलांडताना फेयिसा लिलेसा या ओरोमो धावपटूने डोक्यावर मनगटे एकमेकांवर ठेवून फुली केली. ती ओरोमोंच्या निषेधाची खूण होती. रौप्यपदक गळ्यात पडले, पण त्याला दोन वर्षे देशाबाहेर राहावे लागले आणि 2018 मध्ये तो परतला.

हीच ओळख पुढे धोक्याचीही झाली. अनेक ठिकाणी केबेलेच्या, म्हणजे वॉर्ड कचेरीच्या, ओळखपत्रावर वंशाचा रकाना असे. नोव्हेंबर 2020 मध्ये उत्तरेकडील तिग्राई प्रांतात युद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबर 2022 च्या प्रिटोरिया करारापर्यंत चालले. त्या काळात राजधानीत तिग्राई लोकांना केवळ वंशावरून ताब्यात घेतल्याच्या घटना मानवाधिकार संघटनांनी नोंदवल्या. तुमच्या भाडेकरूच्या पिढीने "तू कोणाचा?" हा प्रश्न चेकपोस्टवर ऐकला आहे. ज्याचे आईवडील दोन समूहांचे आहेत, त्याला तर प्रत्येक उत्तरात एका पालकाला वगळावे लागते. तो "अदिस अबाबाचा" म्हणाला, ते उत्तर टाळणे नव्हते. त्या शहरात लाखो माणसांना दुसरे खरे उत्तर नाही.

त्याच्या गप्प बसण्याबद्दल आणखी एक. अम्हारिक काव्यपरंपरेत "मेण आणि सोने" अशी कल्पना आहे. सोनार मेणाचा साचा करतो, मेण वितळून जाते आणि सोने उरते. तसा वाक्याचा वरचा अर्थ मेण आणि आतला अर्थ सोने. चर्चच्या पाठशाळांत या श्लेषयुक्त रचनेचे शिक्षण वर्षानुवर्षे दिले जाते, आणि रोजच्या बोलण्यातही थेट न बोलता सुचवणे हे सभ्यतेचे लक्षण मानतात. आपल्या पैठणच्या नाथांनी भारुडात हेच केले: वर विंचू, आत विकार. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला सरळ विचारलेला प्रश्न अंगावर येतो.

उत्तर 3 : खुलताबादकर

मी थोडेच लिहितो. ज्या शहरात बाई राहतात ते शहर 1610 साली खडकी या नावाने मलिक अंबरने वसवले. तो हबश प्रदेशात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. त्याने बांधलेल्या नहरीचे पाणी शहराने पिढ्यान् पिढ्या प्यायले. 1626 मध्ये तो वारला. त्याची कबर आमच्या गावात आहे आणि मी शाळेत जाताना रोज तिच्या जवळून जात असे.

मला एक गोष्ट नेहमी जाणवत आली आहे. जन्मगावी त्याला कोणी हबशी म्हटले नसेल. तिथे तो अमक्या आईबापांचा, अमक्या गावचा, अमक्या बोलीचा असणार. हबशी ही ओळख त्याला अरबांच्या बाजारात आणि दख्खनेच्या फौजेत मिळाली. त्याचे अंबर हे नावही त्याला मालकाने दिलेले होते. पुढे त्याने स्वतःची फौज उभी केली, तीत हबशी होते, दख्खनी होते आणि मराठे सरदारही होते, आणि मुलीचे लग्न निजामशहाच्या घरात करून दिले. घरी असताना माणसाला पाचपन्नास लहान ओळखी असतात आणि परमुलखात गेल्यावर एकच मोठी मिळते, हे तुमच्या भाडेकरूलाही येथे रोज अनुभवाला येत असेल, कारण रस्त्यावरचे लोक त्याला ओरोमो किंवा अम्हारा न म्हणता नुसते "आफ्रिकन" म्हणत असतील. बाई, त्याला एकदा खुलताबादला घेऊन या. कबर दाखवायला मी स्वतः येईन.

उत्तर 4 : लातूर_समाजशास्त्र

वरची उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत आणि त्यांतील माहितीशी माझे भांडण नाही. मला काळजी वाटते ती एवढीच, की इर्जिक, भिशी, पिठले अशी साम्ये मोजताना आपण दुसऱ्या एका साम्याकडे पाठ फिरवतो आहोत. मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो आणि ज्या वस्तीत वाढलो त्या वस्तीचा पाणवठा वेगळा होता, म्हणून हे लिहिणे मला माझे काम वाटते.

इथिओपियाच्या अनेक समूहांत लोहार, कुंभार, चामडे कमावणारे, विणकर आणि शिकारी यांना खालचे मानत आले आहेत. गुरागे समाजातील फुगा आणि काफा प्रदेशातील मांजो हे असेच समूह आहेत. त्यांच्याशी लग्न नाही, एका ताटात जेवण नाही, घरात प्रवेश नाही, आणि पूर्वी जमिनीची मालकीही नाही. भांडे कुंभाराचे हवे, नांगराचा फाळ लोहाराचा हवा, विधीला फुगा हवा. माणूस तेवढा उंबऱ्याबाहेर. लोहार आणि कुंभार यांची दृष्ट लागते, रात्री ते तरसाचे रूप घेतात, अशी बुदा नावाची समजूत त्यांच्यामागे लावलेली असते. ज्या संस्कृतीने एका ताटात जेवण्याचे मूल्य घडवले, तिनेच त्या ताटाभोवती कोणी बसायचे हेही ठरवले. परभणीकरांच्या गल्लीतील एदिरमध्ये पाच समूह होते हे वाचून आनंद झाला. पण ज्यांच्याबरोबर जेवायचेच नाही त्यांच्या मयतीला तंबू कोण नेणार, हा प्रश्न गावागावांतून विचारायला हवा.

यात बदल कशाने झाला? 1974 मध्ये सम्राटाला पदच्युत करणारी लष्करी राजवट पुढे अत्यंत क्रूर निघाली, पण तिने 1975 साली सगळी ग्रामीण जमीन सरकारजमा करून कसणाऱ्याला दिली. "कसेल त्याची जमीन" ही विद्यार्थ्यांची घोषणा तेथेही रस्त्यावर दुमदुमली होती. फुगा आणि मांजो यांच्यापैकी अनेकांना तेव्हा प्रथमच स्वतःची म्हणता येईल अशी जमीन कसायला मिळाली. संस्कृती आपसूक बदलली नाही, कायदा आणि जमीन यांनी तिला हलवले.

स्त्रियांच्या बाबतीतही असेच आहे. 2000 सालच्या सुधारित कौटुंबिक कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय 15 वरून 18 केले. मुलीला पळवून नेऊन लग्न लावण्याची प्रथा काही भागांत होती आणि नंतर लग्न केले की अपहरण करणाऱ्याला जुन्या कायद्यात शिक्षेतून सुटता येत असे. 2005 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्याने ती पळवाट बंद केली. हे कायदे व्हावेत म्हणून तेथील स्त्री वकील अनेक वर्षे झगडल्या, आणि त्याही इथिओपियन संस्कृतीतच वाढलेल्या होत्या.

परंपरेच्या आतही झगडण्याची साधने असतात, हेही नोंदवतो. ओरोमोंच्या गदा पद्धतीत वयोगटांकडे दर 8 वर्षांनी सत्ता सोपवली जाते, आणि युनेस्कोने 2016 साली तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. या गदेत स्त्रियांना जागा नाही. पण लग्नात आई मुलीला सिंके नावाची काठी देते. एखाद्या स्त्रीवर अन्याय झाला की गावातील बायका आपापल्या काठ्या घेऊन बाहेर पडतात आणि न्याय मिळेपर्यंत घरी परतत नाहीत. त्या काठीपुढे पुरुषाने थांबायचे, अशी रीत आहे.

म्हणून बाई, "मुलगा कोणती मूल्ये घेऊन वाढतो" या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की तो निवडतो. दोन धर्मांच्या आणि दोन भाषांच्या घरातील मुलाला ही निवड लहानपणीच करावी लागते, एकजिनसी घरातल्या मुलाला ती कधी करावीच लागत नाही. त्याच्याजवळ मूल्ये कमी नसून त्यांचा विचार अधिक झालेला असण्याचा संभव आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर : निवृत्त_शिक्षिका

सर्वांची मी ऋणी आहे. गोदाकाठ यांचे उत्तर वाचल्यावर मला रात्री झोप आली नाही. चेकपोस्टवरचा प्रश्न मी माझ्या घरात, चहाच्या कपाबरोबर विचारला होता.

काल संध्याकाळी मी वर गेले आणि त्याची क्षमा मागितली. वयाने मोठ्या बाईने क्षमा मागावी याचाच त्याला इतका संकोच झाला, की मला परभणीकरांचा तो "यिलुन्यता" शब्द आठवला आणि मी तो चुकतमाकत उच्चारला. तो दचकला, आणि मग पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलू लागला. त्याची आई अदिस अबाबातील त्यांच्या गल्लीच्या एदिरची हिशेबनीस आहे. युद्धाच्या काळात त्या गल्लीतील एका तिग्राई कुटुंबाकडे जाणे लोक टाळू लागले. त्या घरची आजी वारली, तेव्हा आईने नोंदवही काढून सांगितले की या घराची वर्गणी 19 वर्षांत एकदाही चुकलेली नाही आणि तंबू जाईल. तंबू गेला. काही जण आले नाहीत, त्यांची गैरहजेरी आईने शाईने लिहिली आणि दंडही वसूल केला.

लातूरच्या सरांचा प्रश्नही मी त्याला विचारला, अर्थात जपून. तो म्हणाला की त्याच्या आजोळी कुंभारांना घराच्या ओसरीपर्यंतच येऊ देत, आणि आजी त्यांना कॉफी वेगळ्या कपातून देत असे. तो कप कोणता, हे त्याला अजून आठवते. तो निळ्या काठाचा होता. मी काही बोलले नाही, कारण आमच्या गावच्या घरी अशी कपबशी खिडकीत पालथी ठेवलेली असे आणि ती मी स्वतः किती वेळा काढून दिली आहे.

खुलताबादकर, पुढच्या रविवारी आम्ही दोघे येत आहोत. परभणीकरांना मात्र एक कामाचा प्रश्न आहे. येथे टेफ मिळत नाही, आणि तो म्हणतो की त्याच्या वडिलांच्या गावी, हरारच्या बाजूला, इंजेरा ज्वारीचाही करतात. मी मालदांडी दळून आणली आहे आणि पीठ काल रात्रीपासून भिजवून ठेवले आहे. या दिवसांत ते किती दिवस आंबू द्यावे, आणि भाकरीच्या लोखंडी तव्यावर झाकण ठेवून चालेल का?

परभणीकर

बाई, आपली ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतलीच, तेव्हा ती ओळख दाखवील. सध्याच्या हवेत दोन दिवस पुरेत. तिसऱ्या दिवशी वर पाणी सुटेल, ते ओतून टाका. त्यातले वाटीभर पीठ पाण्यात शिजवून, निववून परत मिसळा, म्हणजे जाळी पडेल. लोखंडी तवा चालेल, पण पीठ बाहेरून आत गोल ओता, झाकण ठेवा आणि उलटू नका. सोबत पिठले करा, फक्त फोडणीत कांदा तिप्पट घाला.